पदवीच्या वर्गातले संशोधन : वाचकांचे प्रश्न

चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात संशोधनाला अधिकृत जागा मिळाल्यापासून विद्यार्थी, पालक आणि प्राध्यापक या तिघांच्याही मनात बऱ्याच शंका आहेत. आलेल्या पत्रांपैकी ज्यांचा उपयोग इतरांनाही होईल अशी सहा पत्रे या वेळी घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका स्वायत्त महाविद्यालयात बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. विषय वनस्पतिशास्त्र. चौथ्या वर्षी ‘ऑनर्स विथ रिसर्च’ घ्यावे असे मला वाटते. घरचे म्हणतात, तीन वर्षांची पदवी घे आणि सरळ एम.एस्सी. कर. मी काय करावे?

आधी नियम पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग निवडता येतो. त्या वर्षात 12 श्रेयांकांचा (क्रेडिटचा) संशोधन प्रकल्प एका मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली पूर्ण करावा लागतो. नुसते ‘ऑनर्स’ घेणारे विद्यार्थी त्याऐवजी तीन जादा विषय शिकतात. चार वर्षांची पदवी घेतली की पुढची एम.एस्सी. एका वर्षाची होते, म्हणजे एकूण वर्षे तेवढीच राहतात. हे घरच्यांना शांतपणे सांगावे, कारण ‘एक वर्ष वाया जाईल’ ही त्यांची भीती त्याने बरीच कमी होईल. चार वर्षांच्या पदवीत 75 टक्के गुण असतील तर पीएच.डी.च्या प्रवेशासाठी थेट अर्जही करता येतो, आणि राखीव प्रवर्गांना त्यात 5 टक्क्यांची सवलत आहे.

मात्र हा निर्णय नियमांच्या जोरावर घेऊ नये. तो मार्गदर्शक पाहून घ्यावा. तुमच्या विभागात मागच्या वर्षी ज्यांनी प्रकल्प केले त्यांना गाठा आणि सर किंवा मॅडम आठवड्यातून किती वेळा भेटत होत्या, लिहिलेला मजकूर वाचून परत देत होत्या का, विषय कोणी सुचवला आणि तो मध्येच का बदलला, असे साधे प्रश्न विचारा. ज्यांच्या नावावर पुष्कळ शोधनिबंध आहेत पण ज्यांची वर्षातून तीनदाच गाठ पडते, अशा प्राध्यापकांपेक्षा दर आठवड्याला अर्धा तास तुमची वही उघडून पाहणारे प्राध्यापक या टप्प्यावर कितीतरी अधिक मोलाचे आहेत. तसे कोणी विभागात असेल तर चौथे वर्ष अवश्य घ्या. नसेल तर तीन वर्षांनंतर चांगल्या विद्यापीठातली एम.एस्सी. हा मार्ग जराही कमी प्रतीचा नाही.

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यात बी.ए. (इतिहास आणि मराठी) करतो. आमच्याकडे संशोधन म्हणजे प्रयोगशाळेतले काम अशीच समजूत आहे. मला दिलेला विषय ‘वारकरी संप्रदायाचे सामाजिक योगदान’ असा आहे. चार पुस्तके वाचून झाली, पण मी नवीन काय करतो आहे ते कळत नाही. कला शाखेत या वयात खरे संशोधन होऊ शकते का?

होऊ शकते, आणि ते होत नाही याचे मुख्य कारण विषयाचा आकार हेच असते. तुम्हाला मिळालेल्या विषयावर आयुष्यभर काम केलेल्या अभ्यासकांनाही तो पुरून उरला आहे. सहा महिन्यांच्या प्रकल्पात त्यावर जे लिहिले जाईल ते चार पुस्तकांचा गोषवारा असेल, दुसरे काही असूच शकणार नाही. मार्गदर्शकांकडे जाऊन विषय लहान करून मागा. लहान कसा करायचा, त्याचे एक उदाहरण देतो.

तुमच्या परिसरातून पंढरपूरला जाणाऱ्या एखाद्या जुन्या दिंडीच्या हिशेबवह्या चालकांच्या घरी असण्याची शक्यता पुष्कळ आहे. समजा 1985 ते 2005 या काळातल्या वह्या मिळाल्या. त्यांत भिशीची, म्हणजे दिंडीतल्या जेवणखर्चाच्या वर्गणीची रक्कम, शिधा, सरपण, वाहनाचे भाडे, मृदंगवादकाची बिदागी आणि देणगीदारांची नावे असतील. आता प्रश्न विचारता येतात. बैलगाडीचा खर्च कोणत्या वर्षी थांबला आणि ट्रकचे भाडे कधी सुरू झाले? सरपणाच्या जागी गॅसच्या टाक्या कधी आल्या? भिशी भरणाऱ्यांच्या यादीत बायकांची नावे स्वतंत्रपणे केव्हापासून दिसू लागतात? यांतला एकच प्रश्न धरला तरी सहा महिन्यांचे काम आहे. त्याचे उत्तर आज कोणत्याही पुस्तकात नाही, त्यामुळे ते शोधणारे पहिले तुम्हीच असाल.

खरी गंमत इथून पुढे सुरू होते, कारण वही जे सांगते ते जसेच्या तसे घेता येत नाही. 1985 चा रुपया आणि 2005 चा रुपया एक नव्हे, त्यामुळे ‘खर्च दहापट वाढला’ हे वाक्य निरर्थक ठरू शकते. वहीतच तांदळाचा किंवा ज्वारीचा भाव लिहिलेला असेल तर एकूण खर्च त्या भावाने भागून तो किती किलो धान्याइतका होता हे काढावे आणि मग वर्षांची तुलना करावी. दुसरी अडचण त्याहून नाजूक आहे. वाटेवरच्या गावांनी घातलेले जेवण, कोणी गुपचूप दिलेले पोतेभर पीठ, आचाऱ्याने न घेतलेली मजुरी यांची नोंद वहीत नसते. म्हणजे वहीत दिसणारी दिंडी प्रत्यक्षातल्या दिंडीपेक्षा गरीब दिसणार. ही उणीव भरून काढण्यासाठी जुन्या वारकऱ्यांच्या आणि स्वयंपाक सांभाळणाऱ्या बायकांच्या मुलाखती घ्याव्या लागतील आणि मग त्यांच्या आठवणी वहीशी ताडून पाहाव्या लागतील. जिथे दोन्ही जुळत नाहीत ती जागा लपवू नका. प्रकल्पाचे सर्वांत चांगले प्रकरण बहुधा तिथेच दडलेले असते.

मार्गदर्शकाचे काम या सगळ्यात एका प्रश्नापुरते सांगता येईल, तो म्हणजे ‘हे कशावरून?’. प्रत्येक परिच्छेदाला हा प्रश्न विचारणारे माणूस तुमच्या शेजारी बसलेले असले म्हणजे प्रयोगशाळा नाही याची खंत उरत नाही. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून, वाड्यांच्या माळ्यांवरून मिळवलेले कागद 1898 पासून एकामागून एक अशा 22 खंडांत छापले, आणि आपला इतिहास लिहिण्याची रीतच त्यातून बदलली. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे आहेत, त्यातले बहुसंख्य कागद मोडी लिपीत आहेत आणि ते वाचू शकणारी माणसे फार थोडी आहेत. मोडी नेटाने काही महिन्यांत शिकता येते. पदवीच्या दुसऱ्या वर्षी ती शिकलेला विद्यार्थी चौथ्या वर्षी एखादा न वाचला गेलेला कागद वाचून त्याचा अर्थ लावू शकतो, आणि ते प्रयोगशाळेतल्या कोणत्याही मोजमापाइतकेच अस्सल काम आहे.

कागदच हवा असेही नाही. हेमा राईरकर आणि गी पॉयटवां यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्या गाणाऱ्या बायकांच्या गावांची नोंद ठेवली गेली, पुष्कळ ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले, आणि म्हणूनच आज त्यांचा भाषेसाठी, संगीतासाठी आणि समाजशास्त्रासाठी अभ्यास करता येतो. तुम्ही मुलाखती घेतल्यात तर कोण बोलले, कुठे, कोणत्या दिवशी, आणि नाव छापण्यास त्यांची संमती आहे का, हे पहिल्या पानावर लिहा. चित्रकला, संगीत किंवा नाट्य शिकणाऱ्यांनाही हेच लागू आहे. निर्मिती हा प्रकल्पाचा भाग असू शकतो, पण तिच्यामागचा प्रश्न आणि कामाची टिपणे जोडल्याशिवाय तिला संशोधन म्हणता येत नाही. आविष्कार या आपल्या राज्यातील आंतरविद्यापीठीय संशोधन संमेलनात मानव्यविद्या, भाषा आणि ललित कला यांचा स्वतंत्र गट आहे, ही गोष्ट आपल्या प्राचार्यांच्या कानावर जरूर घाला.

प्रश्न : माझी मुलगी नाशिकला सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. प्रकल्पासाठी ती रोज संध्याकाळी सातपर्यंत प्रयोगशाळेत असते. ताकातल्या जिवाणूंच्या वसाहती मोजते म्हणते. दोन महिने झाले, निकाल काही नाही, उलट काचेची भांडी धुण्यातच निम्मा वेळ जातो. हे शिक्षण आहे की बिनपगारी मजुरी?

आपली काळजी रास्त आहे, आणि दोन्ही शक्यता खऱ्या आहेत. कोणती ते मुलीच्या वहीवरून ठरवता येईल.

वसाहती मोजण्याचे काम दिसते तेवढे यांत्रिक नाही. ताक टप्प्याटप्प्याने पातळ करून प्रत्येक टप्प्याचे थोडे द्रावण पेट्री डिशमधल्या खाद्यमाध्यमावर पसरवतात, ती डिश ठरावीक तापमानाला ठेवतात आणि उगवलेल्या वसाहती मोजतात. साधारणपणे 30 ते 300 वसाहती असलेली डिशच मोजणीस योग्य धरली जाते. त्याहून कमी असतील तर योगायोगाचा वाटा वाढतो, अधिक असतील तर वसाहती एकमेकींत मिसळतात. सोबत ताक न घातलेली एक डिश ठेवावी लागते. तिच्यावरही काही उगवले तर चूक निर्जंतुकीकरणात आहे, असा निष्कर्ष निघतो आणि त्या दिवशीची सगळी मोजणी रद्द होते. भांडी नीट धुतली गेली नाहीत तर नेमके हेच घडते. म्हणून भांडी धुणे हा प्रयोगाचाच भाग आहे, आणि दोन महिने आकडे जुळत नसणे हेही अगदी नेहमीचे आहे. ते का जुळत नाहीत हे शोधताना जे शिकायला मिळते ते ठरलेले उत्तर काढून देणाऱ्या प्रात्यक्षिकांत मिळत नाही.

आता दुसरी बाजू. मुलगी स्वतःच्या प्रश्नासाठी भांडी धुते आहे, की प्रयोगशाळेतल्या सर्वांची? आपण काय तपासतो आहोत आणि पुढचा टप्पा काय, हे ती आपल्याला पाच मिनिटांत समजावून सांगू शकते का? मार्गदर्शक तिची वही पाहून त्यावर काही लिहितात का? या प्रश्नांची उत्तरे नकारार्थी आली तर मुलीने आधी स्वतः मार्गदर्शकांशी बोलावे आणि फरक पडला नाही तर विभागप्रमुखांकडे जावे. पदवीचा विद्यार्थी हा शिकाऊ सहकारी आहे, फुकटचा मदतनीस नव्हे. अमेरिकेतल्या एम.आय.टी. या संस्थेत मार्गारेट मॅकव्हिकर यांनी 1969 साली पदवीच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या चालू संशोधनात सामील करून घेणारा कार्यक्रम सुरू केला, आणि त्यात श्रेयांक किंवा मानधन मिळण्याची सोय आहे. संध्याकाळी उशीर होत असेल तर घरी परतण्याची सोय आणि प्रयोगशाळेत जबाबदार व्यक्तीची उपस्थिती या गोष्टी मागणे हा पालकांचा अधिकारच आहे.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात प्रकल्पाचे गुण हवे असतील तर शोधनिबंध छापून आणा असे सांगतात. एका नियतकालिकाने पैसे भरल्यास चार दिवसांत छापण्याची आणि प्रमाणपत्र देण्याची तयारी दाखवली आहे. भरावेत का?

भरू नयेत. चार दिवसांत कोणताही जाणकार तुमचा निबंध वाचून, शंका काढून, सुधारलेला मसुदा पुन्हा तपासू शकत नाही, म्हणजे तिथे परीक्षण होतच नाही आणि पैसे फक्त छपाईचे घेतले जातात. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची जी यादी ठेवली होती तीही 2025 मध्ये बंद केली आणि चांगल्या-वाईटाची पारख संस्थांवर सोपवली, त्यामुळे ‘आमचे नाव यादीत होते’ या जाहिरातीला आता काही अर्थ नाही. पुढे मोठ्या संस्थेत अर्ज कराल तेव्हा असा निबंध नावावर असणे उपकारक ठरण्याऐवजी अडचणीचे होते.

पदवीच्या पातळीवर छापील निबंधाची सक्ती मुळातच चुकीची आहे, आणि हे मी इथे मुद्दाम स्पष्टपणे लिहीत आहे. नीट बांधलेला अहवाल, मूळ नोंदवही आणि तोंडी परीक्षा एवढे गुण देण्यास पुरेसे आहे. झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळणाऱ्या ‘ब्लॅक बुक’चा, म्हणजे बांधीव प्रकल्प-अहवालाचा धंदा अशाच सक्तीमुळे वाढतो. वाङ्मयचौर्याविषयीचे आयोगाचे 2018 चे नियम विद्यार्थ्यांनाही लागू आहेत, हे त्या दुकानाची पायरी चढणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

प्रश्न : मी जळगाव जिल्ह्यातील लहान महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकतो. मोठ्या संस्थांत ओळख नाही. तिथे काम करण्याची संधी कशी मिळेल?

ओळखीची गरज नाही, पण वेळेवर अर्ज करण्याची आहे. बंगळूरुची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी या तिघी मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन शिष्यवृत्ती देतात. तिचे अर्ज आदल्या वर्षाच्या हिवाळ्यातच मागवले जातात, आणि मे महिन्यात चौकशी करणाऱ्यांची संधी दरवर्षी इथेच हुकते. मुंबईत मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘नियस’ नावाचा कार्यक्रम चालवते. त्यात सुट्ट्यांमध्ये पुन्हा पुन्हा येऊन एकाच मार्गदर्शकाबरोबर काम वाढवत नेता येते, म्हणून लहान महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना मी तो आवर्जून सुचवतो. पुण्यात आयुका हे खगोलशास्त्राचे आंतरविद्यापीठीय केंद्र आणि राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र या दोन्ही ठिकाणी विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी प्रकल्प असतात.

निवड झाली नाही तरी वाट बंद होत नाही. नारायणगावजवळ खोडद येथे 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या जुन्या निरीक्षणांचा साठा ठरावीक मुदतीनंतर अभ्यासकांना खुला होतो. तुमच्या प्राध्यापकांची तयारी असेल तर जळगावात बसूनही त्या माहितीवर काम करता येईल.

कोणत्याही शास्त्रज्ञाला पत्र लिहिण्याआधी मात्र त्यांचा किमान एक निबंध वाचून, तो कुठे समजला नाही हे नेमके लिहा. 1928 साली जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आर्नोल्ड झोमरफेल्ड मद्रासला आले तेव्हा प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकणारा, पुढे नोबेल मिळवणारा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर त्यांना जाऊन भेटला. झोमरफेल्ड यांचे पुस्तक त्याने आधीच वाचून काढले होते, म्हणून बोलणे थेट विषयावर येऊ शकले. त्या पुस्तकातले भौतिकशास्त्र आता मागे पडले आहे असे त्यांनी त्याला सांगितले आणि आपल्या नव्या, अजून छापून न आलेल्या निबंधाची मुद्रिते वाचायला दिली. त्या वाचनातून चंद्रशेखरने लिहिलेला निबंध 1929 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. तेव्हा तो पदवीचाच विद्यार्थी होता. भेट एकच झाली, पण तिच्यासाठी लागणारी तयारी त्याने आधी एकट्याने केलेली होती.

प्रश्न : मी जालना जिल्ह्यातील तालुक्याच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. नव्या रचनेत फिल्ड प्रोजेक्ट, समुदाय सहभाग प्रकल्प आणि संशोधन प्रकल्प असे सगळे आमच्याकडे आले आहे. चाळीस विद्यार्थी, तीन प्राध्यापक. प्रत्येकाला वेगळा विषय आणि वेळ कुठून द्यायचा?

वेगळा विषय देऊ नका, एकाच विषयातला वेगळा वाटा द्या. आपल्या भागात त्यासाठी विहिरीसारखा दुसरा विषय नाही. परिसरातली तीन-चार गावे निवडा. रसायनशास्त्राचे विद्यार्थी पाण्याचा जडपणा आणि नायट्रेट मोजतील. भूगोलाचे विद्यार्थी पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये आणि उन्हाळ्यात मे महिन्यात पाण्याची पातळी मोजून नकाशा करतील. अर्थशास्त्राचे विद्यार्थी बोअरवेलसाठी काढलेल्या कर्जांची माहिती घेतील. मराठीचे विद्यार्थी विहिरींची आणि बारवांची नावे, त्यांच्या कथा आणि कोणत्या पाणवठ्यावर कोणाला मज्जाव होता याच्या आठवणी नोंदवतील. हा शेवटचा वाटा सर्वांत अवघड आहे आणि तो संवेदनशील विद्यार्थ्यांकडेच सोपवावा. महिन्यातून एकदा सगळ्या विभागांनी एकत्र बसून नकाशावर आपापली माहिती मांडावी. नायट्रेट जास्त असलेली विहीर आणि जनावरांच्या गोठ्याशेजारची विहीर एकच आहे, हे अशा बैठकीतच लक्षात येते. आठवड्याची भेट पाच-सहा जणांच्या गटाने घ्या, आणि तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडे दुसऱ्या वर्षाच्या गटाच्या नोंदवह्या तपासण्याचे काम द्या.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. ती माहिती मिळवलीत तर विद्यार्थ्यांना आपली मोजमापे ताडून पाहता येतील. मूल्यमापनासाठी तोंडी परीक्षेत बांधीव अहवालाऐवजी नोंदवहीचे कोणतेही एक पान उघडा आणि त्या दिवशी काय केले ते विचारा. ज्याने काम केले आहे त्याला ते सांगता येते.

आणखी एक विनंती. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. एखाद्या विहिरीत त्याहून जास्त आढळले तर अहवाल पूर्ण होण्याची वाट पाहू नका. दुसऱ्याच दिवशी नवा नमुना घ्या, तो शासकीय पाणी तपासणी प्रयोगशाळेतून तपासून आणा, आणि तोच निकाल आला तर विद्यार्थ्यांनाच सरपंचांकडे पाठवून तो समजावून सांगायला लावा.